एलजीएसएफ घराचं किट: पत्रा चोख, पण स्क्रूची पिशवी आधी उघडून बघा

गच्चीवर एक मजला चढवायचा असो, शेतावर दोन खोल्या टाकायच्या असोत की कोकणात एकसारखी पाच-सहा कॉटेज उभी करायची असोत, हल्ली चार कोटेशनं मागवली की त्यात एक तरी एलजीएसएफचं निघतं. म्हणजे लाइट गेज स्टील फ्रेमिंग. कॉइलमधला पातळ गॅल्व्हनाइज्ड पत्रा न तापवता रोलरमधून काढून त्याचे सी आकाराचे सेक्शन बनवायचे, त्यांचा सांगाडा स्क्रूंनी जोडायचा आणि वर बोर्ड चढवायचे. पद्धत नवी नाही. अशा पातळ पोलादी सेक्शनसाठीची आपल्याकडची आयएस ८०१ ही संहिता १९७५ ची, आणि अमेरिकेतली पहिली संहिता १९४६ ची. नव्या तंत्रांनी घरं बांधायच्या केंद्राच्या लाइट हाउस प्रकल्पांपैकी आगरतळ्याच्या इमारतींतही हेच तंत्र वापरलं आहे. नवं आहे ते कारखान्यातून मापात कापून, भोकं पाडून, नंबर टाकून टेम्पोत येणारं किट. इथे परीक्षण त्याचंच: तळमजल्याचं, सहाशे चौरस फुटांच्या आसपासचं, ८९ मिमी स्टडचं (म्हणजे भिंतीतल्या उभ्या सेक्शनचं) किट. कोणा एका कंपनीचं नाही, कारण मशिन आणि कच्चा माल जवळपास सारखाच असतो. फरक पडतो तो पुढच्या सामानात आणि बसवणाऱ्यांच्या हातात.

निकाल आधीच सांगतो. सांगाड्याला पैकीच्या पैकी गुण. गुण जातात ते सांगाडा दुसऱ्या कशाला टेकतो तिथे: खाली स्लॅबला, बाजूला बोर्डाला, वर छपराला. आणि नेमकं तेच सामान कोटेशनमध्ये ‘हार्डवेअर, लमसम’ अशा एका ओळीत दडलेलं असतं.

पत्रा

फ्रेमकॅड, हॉविक, स्कॉट्सडेल या न्यूझीलंडच्या मशिनी किंवा त्यांच्या धर्तीवर बनवलेल्या, सगळ्यांचं काम एकाच तऱ्हेचं. संगणकातलं ड्रॉइंग मशिन थेट वाचतं, सेक्शन लांबीत कापतं, वायरिंगची भोकं पाडतं, टोकं किंचित दाबतं म्हणजे स्टड ट्रॅकमध्ये, म्हणजे भिंतीच्या वर-खालच्या आडव्या सेक्शनमध्ये, सपाट बसतो, स्क्रूच्या जागी खळगा पाडतं आणि शाईने पॅनेलचा नंबर छापतं. लांबीत एक-दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक सहसा सापडत नाही. खळग्याला खळगा जुळवत गेलं की भिंत आपोआप गुण्यात, म्हणजे काटकोनात, येते. ही अचूकता खरी आहे, जाहिरातीपुरती नाही.

एक भिंत तोलून बघू. लांबी १२ फूट (३.६६ मीटर), उंची २.९ मीटर, स्टड ६१० मिमीवर. सात स्टड, वर-खाली ट्रॅक, मध्ये नॉगिंगची (स्टडांना एकमेकांशी जोडणाऱ्या आडव्या तुकड्यांची) एक ओळ, मिळून साधारण ३१ मीटर सेक्शन. ८९ बाय ४१ चा ०.९५ मिमी जाडीचा सेक्शन मीटरला १.४ किलोच्या आसपास भरतो, म्हणजे सांगाडा ४३-४४ किलो. दोन माणसं उचलून उभा करतात. दोन्हीकडचे बोर्ड आणि मधलं रॉकवूल (उष्णता-आवाज अडवणारी दगडी लोकर) धरून भिंत साडेतीनशे किलोच्या आत राहते. तीच भिंत साडेचार इंची विटेची, दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली, तीन टनांच्या घरात जाते. जुन्या इमारतीच्या गच्चीवर बांधायचं तर सगळा निर्णय या एका आकड्यावर फिरतो.

जाडीच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवायला हवेत. जाडी दोन तऱ्हेने सांगतात: नुसत्या पोलादाची आणि लेपासकट. दोन्हीकडचा जस्ताचा लेप मिळून सुमारे ०.०४ मिमी भरतो, त्यामुळे ‘०.८ चा पत्रा’ प्रत्यक्षात ०.७६ चा असू शकतो. कोटेशनवर ‘लेपाविना जाडी’ असं लिहूनच घ्यावं. माल आला की कापलेल्या तुकड्याला मायक्रोमीटर लावावा. शंका आली तर कोपरा पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवावा, फसफस थांबली की लेप गेला, मग पुन्हा मोजावं. एवढी बारकाई कशाला? ०.९५ च्या जागी ०.७५ आला तर पोलाद २१ टक्के कमी होतं, पण दाब पेलायची ताकद त्याहून जास्त घटते. पातळ पत्रा दाबाखाली आधी मधोमध लाटेसारखा फुगतो, मधला भाग भार सोडून देतो आणि कोपरेच तेवढे कामाला उरतात. पत्रा जितका पातळ, तितका हा कामाला येणारा भाग अरुंद.

पोलादाची प्रतही कॉइलच्या मिल टेस्ट सर्टिफिकेटवर बघावी. पातळ सेक्शनला बहुधा ५५० मेगापास्कल ताकदीचं पोलाद वापरतात. ते कणखर खरं, पण ताणलं तर फारसं लांबत नाही. म्हणून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या संहितेत ०.९ मिमीखालच्या अशा पत्र्याची ताकद गणितात ९० टक्केच, म्हणजे ४९५, धरतात. ही कात्री लावली आहे का, असं डिझायनरला विचारावं. उत्तरावरून समोरच्याचं पाणी कळतं.

लेप दोन प्रकारचे मिळतात. नुसत्या जस्ताचा २७५ ग्रॅमचा, किंवा अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा १५० ग्रॅमचा (५५ टक्के अ‍ॅल्युमिनियम, ४३.५ टक्के जस्त, दीड टक्का सिलिकॉन). ग्रॅम हे दर चौरस मीटरला, दोन्ही बाजू मिळून. दोन्ही चांगले. फक्त अ‍ॅल्युमिनियमवाल्याला ओल्या सिमेंटचा संसर्ग सोसत नाही, क्षार त्याला खातो. असा ट्रॅक मॉर्टरमध्ये गाडला की लेपाचं आयुष्य तिथेच संपलं. लाटा फुटतात तिथून काहीशे मीटरच्या आत बांधायचं असेल तर नेहमीच्या लेपावर भिस्त ठेवू नये, जास्त जाड लेप मागावा.

साइटवर ग्राइंडर चालू झाला की हटकावं. चकतीच्या उष्णतेने कडेचा जस्त जळतो, आणि उडालेल्या ठिणग्या शेजारच्या सेक्शनवर चिकटून आठवडाभरात तांबूस ठिपके उमटतात. कापायचंच तर पत्रा कातरीने कापावं. कातरीने कापलेल्या कडेवरचं उघडं पोलाद शेजारचा जस्त सांभाळून घेतो, कारण पत्राच मुळात पातळ असतो. वेल्डिंग तर या किटमध्ये कुठेच नको.

कोबा: गच्चीवरची घोडचूक

जमिनीवर नवा प्लिंथ केला असेल तर काम सोपं. पातळी मापात, खाली पॉलिथीनचा किंवा डांबरी पट्टा, वर ट्रॅक, ठरल्या अंतराने अँकर (काँक्रीटमध्ये रोवायचे बोल्ट). खरी परीक्षा गच्चीवर होते.

आपल्या गच्च्यांवर स्लॅबच्या वर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, कुठे चार इंच, कुठे पाच. फिटर येतो, ट्रॅक मांडतो, १४ चा बिट लावून ११० मिमी खोल भोक पाडतो, त्यात चिकटवणारं केमिकल भरून १२ मिमीचा रॉड घालतो. सगळं पुस्तकातल्यासारखं. फक्त ते जवळपास अख्खं भोक कोब्यात असतं. स्लॅब अजून खालीच राहिली. विटेच्या तुकड्यांत आणि चुन्या-सिमेंटच्या मसाल्यात बसलेला रॉड हाताला घट्ट लागतो, पाना लावला तरी फिरत नाही. वाऱ्याने वर खेचलं की कोब्याच्या खपलीसकट बाहेर येतो. म्हणून भिंतीच्या रेषेत कोबा फोडून पट्टा उघडा करायचा, तिथे काँक्रीटचा कर्ब (बुटका कट्टा) घालायचा, कर्बचे डॉवेल (सळईचे तुकडे) स्लॅबमध्ये रोवायचे आणि ट्रॅक त्या कर्बवर बसवायचा. मग वॉटरप्रूफिंग कर्बच्या अंगावर चढवून घ्यायचं. कोटेशनमध्ये हा कर्ब शक्यतो नसतोच, तो ‘सिव्हिल काम, तुमच्याकडे’ या सदरात जातो.

शिवाय ११० मिमी खोल अँकरला १२५ मिमीची स्लॅब पुरत नाही, खालून काँक्रीट फुटतं. ब्रेसिंगच्या (भिंतीतल्या तिरक्या पट्ट्यांच्या) टोकाला भिंत खाली धरून ठेवणारे जे होल्ड-डाउन ब्रॅकेट येतात, तिथे खेच सगळ्यांत जास्त. ते बीमवर येतील अशीच भिंतींची आखणी करावी लागते. ही आखणी ड्रॉइंगच्या वेळी झाली नाही तर साइटवर कोणाच्याही हातात काही उरत नाही.

भोक साफ करणं हेही काम आहे, नखरा नाही. पंपाने फुंकायचं, तारेचा ब्रश फिरवायचा, पुन्हा फुंकायचं. भुकटी राहिली तर केमिकल भुकटीलाच चिकटतं.

गच्चीला पाण्यासाठी उतार असतो. शंभराला एक धरला तरी १२ फुटांत ३६ मिमी. ट्रॅक उतारावर टाकून स्टड ओळंब्यात उभे केले की स्टडच्या पायाशी फट पडते. भार वाहणाऱ्या भिंतीत स्टड आणि ट्रॅकमध्ये ३ मिमीपेक्षा जास्त फट चालत नाही, कारण मग भार पत्र्याच्या टेकण्यातून न जाता दोन स्क्रूंवर लोंबकळतो. ट्रॅक आणि काँक्रीटमधली फट प्रत्येक स्टडखाली न आकसणाऱ्या ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मसाल्याने) भरायची. लाकडाच्या पाचरी ठोकलेल्या दिसल्या तर काम थांबवावं.

स्क्रू

किटचा दर्जा ओळखायची खात्रीची जागा ही. गोणी उघडा, मूठभर स्क्रू हातात घ्या.

सांगाड्याच्या जोडाला १० नंबरचा, म्हणजे ४.८ मिमी जाड, १६ मिमी लांब, सपाट डोक्याचा सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू हवा. सपाट डोकं कशाला? त्यावर बोर्ड बसायचा असतो. षटकोनी डोक्याचे मारले तर प्रत्येक जोडावर बोर्ड फुगतो आणि पुट्टीवाला तो फुगवटा लपवत बसतो. टोकाला ड्रिलची चोच हवी आणि ती थरांच्या एकूण जाडीपेक्षा लांब हवी. चोच आरपार जायच्या आत आटे धरू लागले तर वरचा पत्रा आट्यांवर चढतो आणि दोन पत्र्यांत फट राहते. बाहेरून स्क्रू घट्ट दिसतो, जोड मात्र सैल. त्यासाठी आधी क्लॅम्प लावायचा, मग स्क्रू. बसल्यावर मागच्या बाजूला किमान तीन आटे दिसले पाहिजेत. दोन स्क्रूंत तीन व्यास, म्हणजे १५ मिमी अंतर हवं, आणि कडेपासून निदान ७-८ मिमी.

इथे सवयीचा भाग येतो. बसवायला येणाऱ्यांतले अनेक जण फॉल्स सीलिंगच्या कामातून आलेले असतात. तिथे अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा, एका जोडाला एक स्क्रू आणि हातात इम्पॅक्ट ड्रायव्हर. सांगाड्यात तो चालत नाही. त्याच्या ठोक्याने पातळ पत्र्यातले आटे कापले जातात आणि स्क्रू जागच्या जागी गरगर फिरतो. क्लच असलेली स्क्रू-गन वापरावी, डोकं टेकलं की थांबणारी. फिरलेला स्क्रू त्याच भोकात परत मारायचा नाही. शेजारी नवा मारायचा. तपासायची रीत साधी: भिंत आडवी असतानाच साधा स्क्रूड्रायव्हर घेऊन दहा-वीस स्क्रू हाताने पिळून बघावेत. दोन-तीन फिरले तर अख्खं पॅनेल तपासावं.

दुसरी लबाडी बोर्डाच्या स्क्रूंत होते. काळे, टोकदार ड्रायवॉल स्क्रू स्वस्त असतात, पण त्यांना चोच नसते. ०.७ मिमीपलीकडच्या पत्र्यात ते घसरतात, आणि त्यांचा काळा लेप कोकणातल्या दमट हवेत एखादा पावसाळा जेमतेम काढतो. मग पुट्टीतून तपकिरी ठिपके वर येतात, ओळीने, १५० मिमीच्या अंतराने. बाहेरच्या सिमेंट बोर्डला गंजरोधक लेपाचे, पंखवाले स्क्रू हवेत. पंख बोर्डात मोठं भोक पाडतात आणि पत्रा लागला की तुटून पडतात, त्यामुळे बोर्ड आट्यांवर चढत नाही.

वरच्या भिंतीचाच हिशेब: सांगाड्याला ४२ स्क्रू, आणि आठ बाय चारच्या एका बोर्डला कडेने १५० आणि मध्ये ३०० मिमी अंतराने पन्नासेक. सहाशे फुटांच्या घरात पाच-सहा हजार स्क्रू सहज जातात. कोटेशनमध्ये संख्या, नंबर आणि लेप लिहिलेला नसेल तर जे सर्वांत स्वस्त तेच येणार.

बोर्ड, सांधे आणि ते दहा मिलिमीटर

बोर्ड १२२० बाय २४४० चा येतो. स्टड ६१० वर असतील तर बोर्डाची कड बरोबर स्टडच्या मधोमध पडते. कोणीतरी ‘मेट्रिक’ म्हणून ६०० वर आखतो आणि घोळ होतो. तिसरा स्टड १२०० वर, त्याची पट्टी ४१ मिमी रुंद, म्हणजे ती १२२०.५ पर्यंत पोचते. पहिल्या बोर्डाची कड पट्टीच्या अगदी टोकाला येते आणि शेजारच्या बोर्डाला टेकायला अर्धा मिलिमीटर उरतो. मग एक तर प्रत्येक बोर्ड २० मिमीने कापा, नाही तर जादा स्टड घाला. सर्रास होतं ते तिसरंच: स्क्रू हवेत मारून पुट्टी ओढतात. पहिल्या उन्हाळ्यात त्या सांध्याला उभी चीर ठरलेली. ड्रॉइंग मंजूर करताना स्टडचं अंतर आणि बोर्डाचं माप शेजारी-शेजारी लिहून बघायला दोन मिनिटं लागतात.

सिमेंट बोर्ड ओलाव्याने फुगतो-आकसतो, म्हणून सांध्यात ३-४ मिमी फट आणि लवचीक सीलंट हवं. भिंतीच्या पुट्टीने भरलेली फट फुटणारच. बोर्डाच्या मागे पाणी अडवणारा पण वाफ बाहेर सोडणारा कागद हवा. कोटेशन कमी करताना पहिला बळी याच कागदाचा जातो.

वारा

हलकेपणाची किंमत वाऱ्यात मोजावी लागते. आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, पुण्याचा ३९. ४४ चा दाब, इतर गुणक सोडून, चौरस मीटरला ११८ किलोच्या आसपास येतो. छपरावरचा उचलता दाब त्याच्या १.२ पट धरला तर १४० किलो. छपराचं स्वतःचं वजन पंचवीसेक. चाळीस चौरस मीटरच्या छपराला वारा साडेचार टनांनी वर उचलतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडात उडालेली छपरं ज्यांनी पाहिली, त्यांना हे वेगळं सांगायला नको. काँक्रीटच्या घरात वजनच खाली धरून ठेवतं, इथे साखळी धरते: पत्र्याचा स्क्रू, पर्लिन (पत्र्याखालची आडवी पट्टी), ट्रस (छपराची कैची), ट्रसचा ब्रॅकेट, स्टड, होल्ड-डाउन, अँकर, कर्ब. ट्रस स्टडच्या डोक्यावरच बसला पाहिजे, १९ मिमीपेक्षा जास्त सरकता कामा नये, कारण वरचा ट्रॅक पातळ आहे, तो तुळईचं काम करत नाही.

भिंत आडवी ढकलली जाऊ नये म्हणून तिरक्या पट्ट्यांची फुली असते. पट्टी फक्त ताण घेते, म्हणून ती तंतुवाद्याच्या तारेसारखी ताणलेली हवी. बोटाने टिचकी मारावी. खडखडली तर ती शोभेची आहे.

बाकीचं, थोडक्यात

उष्णता: पोलादातून उष्णता विटेच्या कैक पट वेगाने जाते, त्यामुळे स्टडच्या पोकळीत कितीही रॉकवूल भरलं तरी प्रत्येक स्टड हा उष्णतेचा पूल राहतो. विदर्भ-मराठवाड्यात बाहेरून अखंड इन्सुलेशनचा थर घेतल्याशिवाय हे घर घेऊ नये. आवाज: भिंतीवर टिचकी मारली की पोकळ वाजते, त्याची सवय होते. पत्र्याच्या छपरावरच्या कोकणी पावसाची होत नाही, म्हणून पत्र्याखाली ५० मिमी रॉकवूल पाहिजे. आग: जिप्सममध्ये वजनाच्या २१ टक्के पाणी बांधलेलं असतं, ते उडेपर्यंत पोलाद वाचतं. म्हणून बोर्डांचे दोन थर आणि सांधे एकमेकांवर न येऊ देणं. वायरिंग: भोकांना प्लास्टिकच्या कड्या, तारा कंड्युटमधून, सांगाड्याला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच). यात सूट नाही. वाळवी: पोलाद खात नाही. आतले प्लायचे तुकडे खाते.

त्या प्लायचंच सर्वांत जास्त विसरायला होतं. २५ लिटरचा गीझर पाण्यासकट ३५-४० किलोचा, तो नुसत्या बोर्डावर टांगता येत नाही. गीझर, ओट्यावरची कपाटं, टीव्ही, एसीचं बाहेरचं युनिट, पंख्याचे हूक, सगळ्यांच्या जागा ड्रॉइंगमध्येच ठरवून मागे १८ मिमी प्लाय किंवा जादा नॉगिंग घालून घ्यावं. झोपाळा हवा असेल तर तेव्हाच सांगावं. ४५ अंशांवरून झोका खाली आला की कड्यांवर वजनाच्या दीड पटीहून जास्त ओढ येते, तीही हजारदा. त्याला ट्रसचा खालचा पट्टा नाही, दोन खांबांवरची स्वतंत्र जाड तुळई लागते.

कोणी घ्यावं? गच्चीवरचा मजला, डोंगरावरची किंवा वाळू-विटांचे ट्रक पोचत नाहीत अशी जागा, एकसारखी अनेक युनिटं, तिथे हे किट विटेच्या बांधकामापेक्षा सरस आहे. सांगाडा आठवड्याभरात उभा राहतो. बांधताना दर महिन्याला खिडकी इकडची तिकडे करणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. इथे भिंत कारखान्यात ठरते, आणि साइटवर कापलेला एक स्टड दोन खोल्यांचं गणित बिघडवतो.

शेवटचा हप्ता देण्याआधी दोन गोष्टी ताब्यात घ्याव्यात: पॅनेल-नंबरांसकट पूर्ण ड्रॉइंगची फाइल, आणि बोर्ड चढण्याआधीचा प्रत्येक भिंतीचा फोटो, मीटरपट्टी आडवी धरून काढलेला. पुढे पाच वर्षांनी प्लंबर हातात ड्रिल घेऊन ‘इथे काय आहे मागे?’ असं विचारेल, तेव्हा दाखवायला.